काना आणि मात्रा

डब्याच्या सुट्टीत उर्वशीनं मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला, त्यातून वर्गभर मुली एका सुरात ओरडल्या, आणि नंदा आडेचा भाकरीचा तुकडा ठेच्यातच राहिला. तो राहिला हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. कार्यालयात डब्याच्या सुट्टीत ध्यानात येण्याजोग्या गोष्टी दोनच: कुणी काय भाजी आणली, आणि कुणी आणूनही झाकून ठेवली. नंदा जिथे वरिष्ठ सहायक होती त्या कार्यालयाचं नाव इतकं लांब होतं की पाटी रंगवणाऱ्याला शेवटी ‘यवतमाळ’ हा शब्द कोपऱ्यात उभा लिहावा लागला होता. पण आत माणसं मोजकीच, आणि त्यांतल्या कुणालाही तिच्याबद्दल काही माहीत नव्हतं. निदान ती याच भरवशावर इतकी वर्षं त्या पंख्याखाली बसत आली होती. ‘येडी! येडी! येडी!’ मोबाइल ओरडत होता. मग अंधार, मग पांढऱ्या अक्षरांत सिनेमाचं नाव, तेही ‘येडी’च, आणि खाली बारीक अक्षरांत, सत्य घटनेवर आधारित. उर्वशी नवी लागलेली, तिला कशाचाही आनंद होई. ती म्हणाली, “मॅडम, आपल्या पांढरकवड्याकडचीच गोष्ट हाये म्हणते. पोरींच्या शाळेत भूत निंगालतं. एक पोरगी ओरडली अन् बाकीच्या पटापटा पडल्या. पीरियड ड्रामा हाये.” बाबारावांची निवृत्ती जवळ आली होती आणि कान त्याआधीच निवृत्त झाले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, “कोणता पिरेड?” नंदाच्या जिभेवर उत्तर आलं. पाण्याची बाटली मोबाइलनं अडवलेली होती, म्हणून तिनं ते कोरडंच गिळलं. तिसरा. भूगोलाचा.

पीरियड ड्रामा म्हणजे जुन्या काळातली गोष्ट, असं उर्वशीनं बाबारावांना समजावलं. त्या काळातला एक स्वेटर नंदाकडे अजून होता. थंडीत ती तो घरात घालायची. स्वेटर जुना झाला नव्हता आणि काळ जुना झाला, हे तिला जरा गैरसोयीचंच वाटलं. उर्वशीनं बोट ठेवून चित्र थांबवलं. कौलारू शाळा, गजांची खिडकी, आणि खिडकीबाहेर पाठमोरी उभी एक बाई: लाल घागरा, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, ओढणीभर आरसे. आरशांवरून उडालेले कवडसे वर्गाच्या भिंतीवर किड्यांसारखे चालत होते. “हे भूत,” उर्वशी म्हणाली, “कसलं भारी डिझाइन केलं ना?” नंदानं पाहिलं. भुताची ओढणी उलटी होती. कवड्यांची जी पट्टी कपाळावर यायला हवी ती पाठीवर लोंबत होती. एवढी माणसं मुंबईहून आली, एवढे दिवे लावले, आणि एकालाही भुताला जाऊन विचारावंसं वाटलं नाही की बाई, हे कसं घालतात. भूत काही लांब नव्हतं. आर्णी रस्त्याच्या आतल्या गल्लीत, पिवळ्या घरात, पलंगावरून पाय सोडून ते या वेळी दुपारचा चहा मागत असणार. भुताचं नाव लालीबाई. भूत नंदाची आई होती.

आई हा शब्द नंदाला शाळेत गेल्यावर भेटला. तांड्यावर आई नव्हतीच. होती ती याडी. बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आईला याडी म्हणतात. आणि वऱ्हाडात वेडीला येडी म्हणतात. आणि घाईत, रडताना, लांबून हाक मारताना त्या दोघींत फरक तो किती राहतो? एक काना आणि एक मात्रा. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात तिनं झोपेत हाक मारली, तेव्हा शेजारच्या वळकटीवरची दीपमाला उठून बसली आणि म्हणाली, “कायले येडी म्हणून राह्यली मले?” दीपमाला राळेगावकडची. तिच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली तिची पहिल्या नंबराची प्रशस्तिपत्रं चिकटवलेली. तिला झोपेतही कुणी येडी म्हणावं हे परवडण्यासारखं नव्हतं. नंदानं तिला समजावलं. दीपमालानं समजून घेतलं, आणि मग गंमत म्हणून आपल्याही आईला ती याडी म्हणू लागली. म्हणजे दीपमालाला माहीत होतं. हे नंदा स्वतःला इतक्यांदा सांगत आली आहे की आता त्यावर तिचाच विश्वास बसत नाही. माहीत असलेला शब्द भीतीच्या वेळी माहीत राहतो का? कार्यालयात वरिष्ठ आले की बाबारावांना स्वतःच्या टेबलावरची फाइल सापडत नाही. ती तर मुलगी होती, सातवीतली.

उरलेली दुपार नंदानं एकाच पत्राचा मसुदा तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा त्यात तिला फक्त मात्रा दिसल्या. खिडकीकडे पाठ करून बसायची तिची जुनी सवय. रस्त्यावरून एखादी गाडी जाताना तिच्या काचेचा तुकडाभर उजेड छतावर सरकला की तिच्या मानेवरचे केस उभे राहत. घड्याळाची तबकडी, डब्याचं झाकण, बांगडीतला खडा, कशाकशातून तो येई. आला की ती आधी दाराकडे बघायची, कोण पडलं का. त्या आठवड्यात, ती सातवीत असताना, रेक्टरबाईंनी मुलींना सांगितलं होतं की चिंचेखाली जाऊ नका, तिथे मुंग्या आहेत. मुलींनी मुंग्या सोडून दिल्या आणि न जाण्याचं कारण आपापलं शोधलं. रविवारपर्यंत चिंचेवर बाई होती. सोमवारपर्यंत तिला पाय उलटे फुटले. भूगोलाच्या बाई नकाशावर छडी ठेवून पर्जन्यछायेचा प्रदेश दाखवत होत्या, पत्रे तापले होते, कुणाच्या तरी दप्तरात पेरू पिकला होता, आणि पहिला कवडसा बंगालच्या उपसागरात पडला. तिथून तो ओरिसावर चढला. दुसरा आला, तिसरा आला, हिमालय ओलांडून ते फळ्यावर आणि फळ्यावरून छताला गेले, नाचत गेले, आणि सगळ्या वर्गानं श्वास धरला. एकट्या नंदाला तो उजेड ओळखीचा होता. ती रांगायला शिकली ती तांड्यावर त्याच ठिपक्यांमागे. तिनं खिडकीतून पाहिलं: फाटकाशी लालीबाई, डोक्यावर बोरांचं गाठोडं, जमीन तापलेली म्हणून ती एकदा या पायावर एकदा त्या पायावर होत होती, आणि तेवढ्यानं वर्गात भारत हलत होता. नंदा ओरडली. आनंदानं ओरडली, हे तिला पक्कं आठवतं. म्हणजे आज दुपारपर्यंत आठवत होतं. उठली, पाय दीपमालाच्या दप्तराच्या बंदात अडकला, कपाळ बाकाच्या कोपऱ्यावर. शेवटचं ऐकलं ते दीपमालाचा आवाज, येडी. की याडी? ती विचारत होती, सांगत होती, की नुसती नंदाच्या मागून म्हणत होती? मग सायकल-स्टँडवर एक सायकल ढकलली की होतं तसं बाकामागून बाक.

घरी आली तर लालीबाईनं ओढणी पलंगावर पसरली होती आणि ती सैल झालेला एकेक आरसा टाचून घेत होती. नंदाची मुलगी निकिता सुई ओवून देत होती. निकितानं सिनेमाचं पोस्टर आजीला दाखवलं होतं. आपल्या पोशाखाची बाई एवढ्या मोठ्या सिनेमात, नानीनं पाहिलंच पाहिजे, असा तिचा हिशेब. ती कॉलेजात शिकत होती आणि तिला आपल्या लोकांचं काहीही कुठेही दिसलं की भरून येई. शनिवारची तिकिटं तिनं मोबाइलवरून काढलीही होती. नंदा म्हणाली, तिला ऐकू येत नाही. निकिता म्हणाली, सिनेमात एवढ्यानं ओरडतात की ऐकू येईल. नंदा म्हणाली, जिने चढवत नाहीत. लालीबाई म्हणाली, घर काय विहिरीत आहे? इथेही पायऱ्या चढूनच आले. नंदा म्हणाली, सिनेमा भुताचा आहे. त्यावर लालीबाईनं सुई थांबवली आणि फार दिवसांनी कुणी रानातली वाट विचारावी तशी खूश झाली. आपण आयुष्यात भूत पाहिलं नाही, जंगलात राहून पाहिलं नाही, आता टाकीजात दाखवत असतील तर पाहू, असं ती म्हणाली. पुढे बोलण्यासारखं नंदाकडे एकच होतं, आणि ते बोलता येणारं नव्हतं. याडी, ते भूत तू आहेस. शाळेतल्या सगळ्या मुली तुला पाहून पडल्या. डॉक्टर आला, भगत आला, पेपरवाला आला, आणि तिघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं की आरसेवाली बाई पुन्हा फाटकाशी दिसता कामा नये. तो निरोप आईला सांगण्याचं काम मोठ्या बाईंनी कपाळाला पट्टी बांधलेल्या मुलीकडे दिलं, कारण गोर बोली दुसऱ्या कुणाला येत नव्हती. मुलीनं होळीच्या सुट्टीत सांगितलं, शाळेनं नवा नियम केला, आईबापांनी भेटायला यायचं नाही. लालीबाईला तो नियम फार आवडला. आजही ती पाहुण्यांना सांगते की आमच्या नंदाची शाळा इतकी कडक होती की खुद्द आईला फाटकावरून परत लावायचे, म्हणूनच पोरगी सायेब झाली. प्रत्येक वेळी नंदा आत जाऊन चहा टाकते. आईनं तेव्हा तिची हाक ऐकली होती का, हे तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं सगळंच विचारावं लागलं असतं.

शनिवारपर्यंत काही होईल म्हणून तिनं वाट पाहिली. ताप येईल, वीज जाईल, सिनेमा उतरेल. कार्यालयात मात्र सिनेमा चढत गेला. उर्वशीही शनिवारी जाणार होती, नवऱ्याला घेऊन. पहिली पोरगी अजून जिवंत आहे म्हणतात, असं तिनं कुठेसं वाचलं, यवतमाळातच आहे, लग्न होऊन लेकरंबाळं आहेत, पण अमावास्येला अजून ओरडते. नंदानं कॅलेंडरकडे पाहिलं आणि पाहिल्याबद्दल स्वतःची लाज वाटून ते सरळ केलं. बाबाराव म्हणाले, “ओरडनच तं. दाबून ठिवलं की कुठूनबी निंगते.” ते पोटातल्या वायूबद्दल बोलत होते, पण नंदानं समोरची फाइल मिटली. कारण तिनं एक गोष्ट स्वतःलाही नीट सांगितली नव्हती. पट्टी बांधून तिला कोठीच्या खोलीत निजवलं होतं, ज्वारीच्या पोत्यांना लागून, आणि भिंतीपलीकडे मुली पडत होत्या, उठत होत्या, ओरडत होत्या. मराठी मुली ओरडत होत्या, कोलाम मुली ओरडत होत्या, दीपमाला सर्वांत उंच ओरडत होती. साऱ्या जगाला ते ‘येडी’ ऐकू येत होतं. नंदाला ऐकू येत होतं की सगळ्या तिच्या याडीला हाका मारताहेत. आणि तिला भीती वाटली नाही, राग आला. माझी आहे, तुमची नाही. बोरं माझ्यासाठी आणली होती. त्या रागात तिनं पोत्यावर डोकं आपटलं, पुन्हा आपटलं, अंग ताठ झालं, आणि मग बाहेरच्यांसारखाच आवाज तिच्यातूनही निघायला लागला. तो तिनं काढला की निघाला? हाक होती की झटका? तो पहिला, वर्गातला, तरी काय होता? आता ते ट्रेलर वाजतं तेव्हा तिला आपलं ओरडणंही येडीच ऐकू येतं. इतक्या जणांनी इतकी वर्षं चुकीचं ऐकलं की बोलणाऱ्याचंच चुकलं असावं, असं कागदोपत्री तरी निघतं.

लालीबाई सिनेमाला नटून आली. घागरा, कांचळी, दंडभर बांगड्या, गालांवर लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या, टाचून घट्ट केलेले आरसे, आणि पट्टी कपाळावर, जिथे हवी तिथे. नंदानं ऑटोत मधली जागा तिला दिली, म्हणजे दोन्हीकडून ऊन अडेल. टॉकीज जुनं, बाल्कनीचं, वर्षातून दोनदा बंद होणारं आणि तीनदा उघडणारं. दारावरचा माणूस लालीबाईला पाहून उठून उभा राहिला. त्याला वाटलं कंपनीनं जाहिरातीसाठी भूत पाठवलं. त्यानं तिकीट फाडलं नाही, समोसा दिला आणि इथेच दाराशी उभं राहता का म्हणून विचारलं. कॉलेजातल्या पोरी तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून फोटो काढू लागल्या, घाबरल्याची तोंडं करून. लालीबाईनं त्यांच्या हनुवट्या धरून त्यांना गावं विचारली. नंदा जरा अंतरावर, खांबाशी, पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली. काय, ते तिला माहीत नव्हतं. “मॅडम,” उर्वशीचा आवाज आला, “तुम्हीबी? अन् ह्या…?” “आई,” नंदा म्हणाली. मराठीत म्हणाली. “अय्या,” उर्वशी म्हणाली, “डिट्टो भुतावानी दिसून राह्यल्या.” आणि जीभ चावली. लालीबाईला शब्द नीट ऐकू आले नाहीत, पण मुलगी गोड आहे हे कळलं. तिनं अर्धा समोसा तिला दिला.

बसल्या बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत, प्रोजेक्टरच्या खिडकीखाली. उर्वशी पुढच्याच रांगेत. नंदानं सगळं ठरवून ठेवलं होतं. भूत आलं की आईला पाणी विचारायचं. मुली पडल्या की पर्स पाडायची आणि आईला उचलायला लावायची. सिनेमातली शाळा खऱ्या शाळेपेक्षा स्वच्छ होती, मुलींच्या वेण्या एकसारख्या होत्या, आणि सगळ्या वऱ्हाडी अशा बोलत होत्या जशी नंदा विधिमंडळाची इंग्रजी बोलली असती. भूत आलं. नंदा पाणी विचारायला वळली, तर लालीबाई पडद्याकडे पाहून, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, म्हणाली, “हिनं उलटी घातली.” आसपासची रांग हसली. नंदाला क्षणभर वाटलं, सुटलो. आईला भुतात फक्त ओढणी दिसली. माणसाला आपलं नसलेलं भूत कुठे ओळखू येतं. मग पडद्यावर कवडसे चालू लागले, नकाशा नव्हता, भूगोल नव्हता, इतिहासाचा तास केला होता, आणि एक गोरी, मोठ्या डोळ्यांची मुलगी हळूहळू उठली. तिनं खिडकीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. कुणी तिला सांगितलंच नव्हतं.

ती ओरडली. मग बाकीच्या. पुढच्या रांगांतल्या कॉलेजच्या पोरींना ते आधीच पाठ होतं. त्या मोबाइलचे दिवे लावून, हात वर करून, हसत हसत त्यात सामील झाल्या, मग मागचे, मग पोरं, मग संसारी माणसंही, आणि सगळं टॉकीज एका तालात येडी येडी म्हणू लागलं. नंदानं पर्स पाडली. लालीबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती ताठ बसली होती, एक तळवा कानामागे धरून, जशी तांड्यावर संध्याकाळी बसायची, रानातून कोण हाक मारतंय ते ओळखायला. तिच्या ओठांची चाळवाचाळव झाली. मग तिनं उरलेला समोसा मांडीवरून बाजूला ठेवला, पुढच्या खुर्चीची पाठ धरली आणि उठून उभी राहिली. “हां, छोरी,” ती म्हणाली, “आवूचू, आवूचू.” आले, आले.

प्रोजेक्टरचा झोत तिच्या पाठीवर आला. पडद्यावर, सिनेमातल्या भुताच्या शेजारी, लालीबाईचं डोकं उगवलं, कपाळावरच्या पट्टीसकट, आणि तिच्या आरशांवरून उडालेले ठिपके मागच्या भिंतीवर आणि छतावर पसरले. ती कुठून हाक येते ते बघायला वळली, तर ते बाजूच्या भिंतींवरून धावले. पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं मागे वळून पाहिलं आणि ती ओरडली, पण हे ओरडणं तालात नव्हतं. तिच्या शेजारची ओरडली. सिनेमातल्या किंकाळ्या कोणत्या आणि टॉकीजातल्या कोणत्या हे सांगता येईना. कुणी म्हणालं खाली बसा, कुणी म्हणालं दिवे लावा, निकिता आजीच्या ओढणीला धरून नानी, नानी करू लागली. लालीबाई मात्र रांगेतून सरकत सरकत निघालीच होती, पायऱ्यांकडे, अंधारात, पडद्याकडे. एवढ्या पोरी बोलावतात तर जायला हवं, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. नंदा उठून उभी राहिली. तिला कळलं की पुढचं पाऊल चुकलं तर आई पायऱ्यांवरून सरळ खाली जाईल, आणि हेही कळलं की त्या शाळेत, त्या पत्र्यांखाली, एवढ्या हाकांमधून आईला नेमकी कोणती ऐकू आली होती. पुढच्या रांगेतून उर्वशी मान वळवून तिच्याकडेच बघत होती, डोळे विस्फारून, सोमवारी डब्याच्या सुट्टीत काय सांगायचं ते गोळा करत. हात धरायला अंतर जास्त होतं. आई म्हणून लालीबाई वळली नसती. त्या नावानं तिला कुणी कधी हाक मारलीच नव्हती.

“याडी!”

सबंध टॉकीजापेक्षा तो आवाज मोठा होता. टॉकीजानं काय ऐकलं ते टॉकीजाला माहीत. उर्वशीनं तोंडावर हात ठेवला, म्हणजे तिनं मात्राच ऐकली असणार; नंदानं ती खोडली नाही. लालीबाई पायरीच्या तोंडाशी थांबली. वळली. ठिपके सगळ्या लोकांवरून फिरून नंदाच्या कपाळावर, जुन्या व्रणावर येऊन टेकले. ती एकेक खुर्ची धरत परत आली, आपल्या जागी बसली, घागरा सावरला, नंदाचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि दुपारी चहा मागते त्याच सुरात म्हणाली, “ओरडू नको. तवाबी ऐकलतं म्या. शिपायानं फाटक लावलतं.”